संरक्षित प्रथिन-क्षेत्रे आणि त्यांचे जैविक कार्य : सिकलसेलच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश

प्रथिनांच्या अनुक्रमातील जे भाग निरनिराळ्या सजीवांत फारसा बदल न होता आढळतात, त्यांना संरक्षित प्रथिन-क्षेत्रे असे म्हटले जाते. एखाद्या अनोळखी प्रथिनात असे ओळखीचे क्षेत्र सापडले की त्यावरून त्या प्रथिनाचे कार्य सांगण्याची पद्धत आज संशोधनात आणि महाविद्यालयीन अध्यापनात रूढ झाली आहे. ही पद्धत उपयुक्त असली तरी 'जे संरक्षित ते महत्त्वाचे, आणि जेथे क्षेत्र तेथे कार्य' असे जे समीकरण तिच्यामागे गृहीत धरले जाते ते तपासून पाहणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात चंद्रपूर-गडचिरोली परिसरात आढळणाऱ्या सिकलसेल आजाराच्या आधारे या समीकरणाची चिकित्सा केली आहे. या आजाराला कारणीभूत असलेला बदल ग्लोबिन क्षेत्राच्या संरक्षित गाभ्यात नसून त्याच्या पृष्ठभागावर आहे, ही बाब या चर्चेच्या केंद्रस्थानी आहे.

बीजशब्द : प्रथिन-क्षेत्र, ग्लोबिन, सिकलसेल, उत्क्रांती, जैविक कार्य, माहितीकोश.

प्रस्तावना

वर्धा नदीकाठचे घुग्घुस हे कोळसा आणि सिमेंटचे गाव. येथील आणि आसपासच्या तालुक्यांतील महाविद्यालयांमध्ये जीवशास्त्राच्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींच्या घरात सिकलसेलचा रुग्ण किंवा वाहक असतो. वर्गात मात्र हा आजार बहुधा एका वाक्यात संपतो : हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते आणि तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. पुढच्या घटकात जैवमाहितीशास्त्र शिकवताना हाच विद्यार्थी संगणकावर एक अनुक्रम टाकतो, 'ग्लोबिन क्षेत्र, कार्य : प्राणवायूचे वहन' असे उत्तर मिळवतो आणि ते प्रात्यक्षिकाच्या वहीत उतरवून घेतो.

या दोन धड्यांचा एकमेकांशी संबंध लावला जात नाही. तो लावला तर एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. सिकलसेल रुग्णाच्या बीटा साखळीचा अनुक्रम त्याच संगणकीय पद्धतीला दिला, तर उत्तर तेच येते : ग्लोबिन क्षेत्र, प्राणवायूचे वहन. निरोगी माणसाचे प्रथिन आणि वेदनेने तळमळणाऱ्या मुलाचे प्रथिन यांच्या क्षेत्र-नोंदीत फरक दिसत नाही. मग ही नोंद ज्याला 'कार्य' म्हणते ते नेमके काय आहे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

संज्ञेची चिकित्सा

प्रथम संज्ञेकडे पाहणे योग्य ठरेल. मराठीत या कल्पनेसाठी 'संरक्षित क्षेत्र' असा शब्दप्रयोग केला जातो. चंद्रपूर जिल्ह्यातील विद्यार्थ्याला हा शब्द ऐकताच प्रथिन आठवण्याची शक्यता कमी आहे. त्याला ताडोबा आठवते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात राखीव वन, संरक्षित वन आणि ग्रामवन असे वर्ग आहेत, आणि वन्यजीव कायद्याच्या संदर्भात 'संरक्षित क्षेत्र' हा शब्द अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांच्यासाठी सर्रास वापरला जातो. या सर्व प्रयोगांत कोणीतरी राखणदार आहे, हद्द आहे, आणि बाहेरच्याला मज्जाव आहे.

उत्क्रांतीमध्ये असा राखणदार नाही. प्रथिनाच्या कोणत्याही स्थानी उत्परिवर्तन होऊ शकते. संरक्षित म्हटल्या जाणाऱ्या स्थानीही ते होतच असते. परंतु तेथील बहुतेक बदल त्या सजीवाच्या जगण्याला किंवा प्रजननाला मारक ठरतात आणि पुढच्या पिढ्यांत पोहोचत नाहीत. म्हणजे जे आपल्याला 'जपलेले' दिसते ते वस्तुतः असंख्य अपयशी बदल गळून पडल्यानंतर उरलेले आहे. त्यामुळे 'संरक्षित' या शब्दापेक्षा 'टिकून राहिलेले' हा शब्द वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जातो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तेथील जंगलाची कथा ही रोजच्या वापरातून आणि गावाच्या निर्णयातून टिकलेल्या जंगलाची आहे. उपमा म्हणून पाहिले तर प्रथिन-क्षेत्राची जात कुंपणाच्या जंगलापेक्षा वापरातल्या जंगलाशी अधिक जुळते. अर्थात उपमा येथेच थांबवावी लागते. कारण गावाला हेतू असतो, उत्क्रांतीला नसतो. रूढ संज्ञा बदलण्याचा आग्रह येथे नाही. म्हणून पुढेही 'संरक्षित' हाच शब्द वापरला आहे. मात्र तो शिकवताना त्यातील राखणदार काढून टाकणे हे शिक्षकाचे काम आहे.

संकल्पनेची घडण

या संकल्पनेचा इतिहास अर्धशतकाहून थोडा अधिक आहे. मार्गारेट डेहॉफ यांनी १९६५ मध्ये त्या वेळी माहीत असलेल्या प्रथिनांचे अनुक्रम एका संग्रहात प्रसिद्ध केले आणि अनुक्रमांची परस्परांशी तुलना करण्याचा पाया घातला. १९७३ मध्ये डोनाल्ड वेटलॉफर यांनी प्रथिनाच्या साखळीतील स्वतंत्रपणे घडी पडू शकणाऱ्या भागांची कल्पना मांडली. १९८५ मध्ये एरन क्लुग यांच्या प्रयोगशाळेतून 'जस्त-अंगुली' या रचनेचे वर्णन आले; जस्ताच्या अणूभोवती घडी पडलेला हा छोटा भाग डीएनएला बांधला जातो, आणि हीच रचना पुढे असंख्य प्रथिनांत आढळली. प्रथिन हा एकसंध ठोकळा नसून तयार भाग जोडून झालेली रचना आहे, असे चित्र यातून उभे राहिले.

अनुक्रमांची संख्या वाढल्यावर ही तुलना हाताने करणे अशक्य झाले. १९९० मध्ये ब्लास्ट ही जलद शोधपद्धत आली. १९९७ मध्ये पीफॅम हा प्रथिन-कुटुंबांचा माहितीकोश प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक क्षेत्रासाठी अनुक्रमांचे संरेखन आणि त्यावरून काढलेले सांख्यिकीय प्रारूप असते. नवा अनुक्रम त्या प्रारूपाशी किती जुळतो हे संगणक सांगतो. ग्लोबिन क्षेत्राची तेथील नोंद 'पीएफ०००४२' या क्रमांकाने ओळखली जाते. २०२३ पासून पीफॅमचे स्वतंत्र संकेतस्थळ बंद झाले असून त्याची सामग्री इंटरप्रो या संयुक्त माहितीकोशात उपलब्ध आहे.

या माहितीकोशांचे ऋण मोठे आहे. घुग्घुससारख्या गावातील शिक्षकाला कोणतेही शुल्क न भरता जगातील प्रथिनांचे ज्ञान मिळते, ही सामान्य गोष्ट नव्हे. तथापि या कोशांतील 'कार्य' या रकान्याचा उगम लक्षात घेतला पाहिजे. प्रयोगशाळेत कार्य तपासले गेलेली प्रथिने तुलनेने थोडी आहेत. उरलेल्या प्रचंड संख्येचे कार्य साम्यावरून ठरवलेले असते, आणि कित्येकदा ज्याच्याशी साम्य पाहिले त्याचेही कार्य आधी साम्यावरूनच ठरवलेले असते. २००९ मध्ये अलेक्झांड्रा श्नोज आणि सहकाऱ्यांनी विकरांच्या ३७ कुटुंबांची तपासणी केली. मानवी छाननी झालेल्या स्विस-प्रॉट या कोशात चुकीच्या नोंदी जवळजवळ नव्हत्या; परंतु इतर मोठ्या सार्वजनिक कोशांत, त्यांनी तपासलेल्या महाकुटुंबांसाठी चुकीच्या नोंदींचे सरासरी प्रमाण ५ टक्क्यांपासून ६३ टक्क्यांपर्यंत होते. खेड्यात एखादी ऐकीव गोष्ट दहा तोंडांतून फिरली की तिला दहा साक्षीदार आहेत असे वाटू लागते. माहितीकोशातील साम्यावर आधारलेल्या नोंदींचेही तसेच होते.

याउलट टोकाला हजारो क्षेत्रे अशी आहेत की जी अनेक सजीवांत टिकून राहिली आहेत, पण त्यांचे कार्य अज्ञात आहे. माहितीकोश त्यांना प्रामाणिकपणे 'अज्ञात कार्याची क्षेत्रे' असेच नाव देतो. टिकून राहणे हे कार्य असल्याचा पुरावा देते. कोणते कार्य, हे सांगत नाही. समीकरणाचा पहिला दुवा येथेच सैल होतो.

ग्लोबिन : एक घडी, अनेक कामे

दुसरा दुवा म्हणजे एका क्षेत्राला एक कार्य चिकटवणे. ग्लोबिन क्षेत्र यासाठी उत्तम उदाहरण आहे. जॉन केंड्र्यू यांनी मायोग्लोबिनची आणि मॅक्स पेरुट्झ यांनी हिमोग्लोबिनची त्रिमितीय रचना उलगडली. दोघांना १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. स्नायूंतील मायोग्लोबिन १५३ अमिनो आम्लांचे, हिमोग्लोबिनची अल्फा साखळी १४१ ची आणि बीटा साखळी १४६ ची. अनुक्रमांत पुष्कळ फरक असूनही घडी तीच. १९८० मध्ये आर्थर लेस्क आणि सायरस चोथिया यांनी नऊ ग्लोबिनांच्या रचनांची तुलना केली. त्यांतील काही जोड्यांमध्ये केवळ १६ टक्के अमिनो आम्ले समान होती, तरीही घडीचा आराखडा एकच होता. सर्व ग्लोबिनांत जवळजवळ अपरिवर्तित राहिलेली स्थाने बोटांवर मोजण्याइतकी आहेत. हीममधील लोहाला धरणारे हिस्टिडिन आणि हीमला टेकून असलेले एक फेनिलॲलनिन ही त्यांतील प्रमुख होत.

आता या घडीचे 'कार्य' काय? रक्तात प्राणवायू वाहून नेणे, हे एक. स्नायूत तो धरून ठेवणे, हे दुसरे. तिसरे उदाहरण विदर्भातील शेतात मिळते. सोयाबीन, तूर, हरभरा, लाखोळी यांच्या मुळांवरील जिवंत गाठ नखाने फोडली की आत गुलाबी रंग दिसतो. तो लेगहिमोग्लोबिनचा. तेथे नत्र स्थिर करणाऱ्या विकराला मोकळा प्राणवायू सोसत नाही, म्हणून हे ग्लोबिन प्राणवायूला बांधून त्याची मुक्त पातळी अत्यल्प ठेवते आणि त्याच वेळी जिवाणूंच्या श्वसनाला लागेल तेवढा पुरवते. काही जिवाणूंत ग्लोबिन क्षेत्र दुसऱ्या एका क्षेत्राशी जोडलेले असून नायट्रिक ऑक्साइडचे विष निवारण्याचे काम करते. मेंदूतील न्यूरोग्लोबिनचा शोध २००० मध्ये लागला. त्याचे नेमके काम कोणते याविषयी अद्याप मतभेद आहेत.

घडी एकच, परंतु ती कोणत्या पेशीत आहे, किती प्रमाणात आहे, शेजारी कोणती प्रथिने आहेत यांवर तिचे काम ठरते. 'कार्य' हा क्षेत्राचा अंगभूत गुण नसून क्षेत्र आणि परिस्थिती यांच्यातील संबंध आहे, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

सहाव्या स्थानाचा पुरावा

सिकलसेलचे पहिले शास्त्रीय वर्णन जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये शिकागो येथे केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी विद्युतक्षेत्रात रुग्णाचे हिमोग्लोबिन वेगळ्या गतीने सरकते हे दाखवून या आजाराला रेणवीय आजार म्हटले. व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये हा फरक एका अमिनो आम्लाचा असल्याचे सिद्ध केले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासी समूहांत आणि आसामातील चहामळ्यांच्या मजुरांत सिकल पेशींची नोंद झाली, आणि त्याच दशकात नागपूर परिसरातूनही मध्य भारतातील आढळ प्रसिद्ध झाला.

हे सहावे स्थान (आज सुरुवातीचे मिथिओनिन धरून मोजण्याच्या पद्धतीत त्याला सातवा क्रमांक मिळतो) संरक्षित गाभ्यात नाही. ते रेणूच्या पृष्ठभागावर आहे. उंदराच्या मुख्य बीटा साखळीत त्या जागी ॲलनिन असते. माणसाच्याच अल्फा साखळीत तुल्य जागी ॲलनिन आहे. म्हणजे उत्क्रांतीने या स्थानाबाबत पुष्कळ मोकळीक दिलेली आहे. केवळ संरक्षणाच्या मापाने पाहणारा अभ्यासक या जागेवरील बदलाला किरकोळ ठरवेल.

तरीही व्हॅलिन आले की अनर्थ होतो. ग्लुटामिक आम्ल ऋणभारित व जलस्नेही असते, व्हॅलिन जलविरोधी असते. प्राणवायू सोडल्यानंतर हिमोग्लोबिनचा आकार किंचित बदलतो आणि बीटा साखळीवरील ८५ व्या स्थानचे फेनिलॲलनिन व ८८ व्या स्थानचे ल्युसिन यांच्याजवळची एक खाच उघडी पडते. शेजारच्या रेणूचे व्हॅलिन तीत नेमके बसते. रेणूला रेणू जडत लांब तंतू तयार होतात, पेशी ताठर होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. त्याच सहाव्या स्थानी लायसिन आले तर हिमोग्लोबिन-सी तयार होते. ते असे तंतू बनवत नाही आणि त्याचा त्रास पुष्कळ सौम्य असतो. स्थान एकच, बदल वेगळा, परिणाम वेगळा.

येथे बिघाड झाला तो क्षेत्राच्या नेमलेल्या कार्यात नाही. सिकल हिमोग्लोबिन प्राणवायू बांधते आणि सोडते. त्याची घडी शाबूत आहे. झाले ते एवढेच की त्याला एक नवा, नको असलेला संबंध जडला : स्वतःसारख्याच दुसऱ्या रेणूला चिकटण्याचा. 'कार्य' या रकान्यात अशा संबंधाला जागा नाही. संरक्षित क्षेत्रांची सूची काय गमावले हे सांगू शकते. काय नव्याने जोडले गेले हे सांगण्यात ती दुबळी आहे. अल्फाफोल्ड या प्रणालीने २०२२ पर्यंत २० कोटींहून अधिक प्रथिनांच्या रचनांची अनुमाने उपलब्ध करून दिली आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा तिच्या कर्त्यांना मिळाला. परंतु एका अमिनो आम्लाच्या बदलाने काय होईल हे सांगण्यासाठी ती प्रणाली घडवलेली नाही. घडीचे चित्र अचूक मिळाले तरी वरील प्रश्न शिल्लक राहतोच.

परिस्थितीचा वाटा

मलेरियाचा संदर्भ घेतल्याशिवाय ही चर्चा पूर्ण होत नाही. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून सिकल जनुकाची एकच प्रत असलेल्या व्यक्तींना फॅल्सिपेरम मलेरियापासून संरक्षण मिळते असे दाखवले. गडचिरोली हा दीर्घकाळ मलेरियाग्रस्त जिल्हा राहिला आहे. गोंड, माडिया, परधान यांसारख्या समूहांत हा जनुकभेद का टिकला, याचे उत्तर या रोगाच्या इतिहासात शोधले जाते. म्हणून त्याला केवळ 'सदोष जनुक' म्हणणे शास्त्रदृष्ट्या अपुरे आहे.

परजीवीच्या बाजूनेही प्रथिन-क्षेत्रांचा एक बोधप्रद दाखला मिळतो. फॅल्सिपेरम परजीवी तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर एक चिकट प्रथिन आणून ठेवतो आणि त्याच्या साह्याने पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते. या प्रथिनात 'डफी-बंधक सदृश' नावाची क्षेत्रे असतात. त्यांची घडी टिकलेली आहे, पण अनुक्रम कमालीचे बदलते आहेत. एका परजीवीच्या जनुकसंचात अशा प्रथिनांची सुमारे ६० जनुके असतात आणि तो त्यांतील एकेक आळीपाळीने वापरून शरीराच्या प्रतिकारशक्तीला चकवतो. येथे न टिकणे हेच कामाचे आहे. संरक्षण म्हणजे महत्त्व, हे समीकरण येथे अक्षरशः उलटे होते. सिकल वाहकाच्या पेशीवर हे प्रथिन कमी प्रमाणात मांडले जाते असे प्रयोगांत आढळले आहे. वाहकाला मिळणाऱ्या संरक्षणाच्या संभाव्य कारणांपैकी ते एक होय.

रुग्णाची स्थितीही केवळ अनुक्रमावर अवलंबून नसते. पेशीतील पाणी कमी झाले की हिमोग्लोबिनची घनता वाढते आणि तंतू लवकर बनतात. चंद्रपूर परिसरात उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. याच दिवसांत तेंदूपत्ता संकलनाचा हंगाम असतो. डोंगर चढून पाने तोडणाऱ्या रुग्णाला पिण्याचे पाणी मिळते की नाही, ही बाब त्याच्या बीटा साखळीइतकीच त्याच्या आजाराचा भाग आहे.

उपचारांतून मिळणारा धडा

गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनमध्ये बीटाऐवजी गॅमा साखळी असते. गॅमा साखळीचा समावेश असलेले रेणू सिकल तंतूत नीट बसत नाहीत. म्हणून ज्यांच्या रक्तात हे हिमोग्लोबिन अधिक टिकते त्यांचा त्रास सामान्यतः कमी असतो. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाचा एक प्रमुख उपयोग हे प्रमाण वाढवण्यात आहे. जन्मानंतर गॅमा जनुक बंद कोण करते, याचे उत्तर २००८ मध्ये मिळाले : बीसीएल११ए हे प्रथिन. त्याची जस्त-अंगुली क्षेत्रे गॅमा जनुकाच्या प्रारंभकाला बांधली जातात. संरक्षित क्षेत्राच्या अभ्यासाची ही खरी फलश्रुती म्हणावी लागेल.

परंतु येथेही एक बारकावा आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्यता दिलेल्या कॅसजेव्ही या जनुक-संपादन उपचारात ही जस्त-अंगुली तोडली जात नाही. ते प्रथिन शरीरात इतरत्रही आवश्यक आहे. म्हणून कात्री लावली जाते ती तांबड्या पेशींच्या पूर्वज पेशींत त्या जनुकाला चालना देणाऱ्या नियामक भागावर. हा भाग कोणत्याही प्रथिनाचा अनुक्रम सांकेतिक रूपात धारण करत नाही. प्रथिन-क्षेत्रांच्या सूचीत तो सापडणार नाही. अमेरिकेत या उपचाराची जाहीर किंमत २२ लाख डॉलर आहे, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

दुसरे उदाहरण व्हॉक्सेलोटर या औषधाचे. हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीला बांधून त्याला प्राणवायुयुक्त अवस्थेत ठेवावे, म्हणजे तंतू बनणार नाहीत, अशी त्यामागची रेणवीय योजना होती. रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढले या आधारावर अमेरिकेत २०१९ मध्ये त्याला त्वरित मान्यता मिळाली. सप्टेंबर २०२४ मध्ये उत्पादक कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. वेदनेचे झटके आणि मृत्यू यांबाबतची आकडेवारी प्रतिकूल असल्याचे कारण देण्यात आले. रेणूचे गणित बरोबर आले म्हणून माणसाचे गणित बरोबर येतेच असे नाही.

अध्यापनातील परिणाम

या सर्व चर्चेचा महाविद्यालयीन शिक्षकाशी थेट संबंध आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. आदिवासीबहुल बाधित भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे लक्ष्य आहे. त्याआधी ११ डिसेंबर २०२२ रोजी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या चंद्रपूर येथील हिमोग्लोबिन-विकार संशोधन, व्यवस्थापन व नियंत्रण केंद्राचे लोकार्पण झाले. म्हणजे या विषयाचे केंद्र आता आपल्याच जिल्ह्यात आहे. विदर्भात हा जनुकभेद अनुसूचित जमातींपुरता मर्यादित नाही. अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समूहांतही तो आढळतो. 'हा आदिवासींचा आजार' अशी समजूत वर्गात तयार झाली तर ती अशास्त्रीय तर ठरेलच, शिवाय तपासणीपासून अनेकांना दूर ठेवील.

तपासणीनंतर हाती येणारा 'वाहक' हा शब्द तरुण मुलामुलींच्या लग्नाच्या बोलणीत शिरतो. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोन्ही नसण्याची २५ टक्के असते. एक वाहक आणि एक वाहक नसलेली व्यक्ती यांच्या अपत्याला सिकलसेल आजार या जनुकभेदामुळे होत नाही. एवढे साधे गणित न सांगता 'दोषयुक्त प्रथिन' एवढेच शिकवले गेले, तर एखाद्या मुलीवर आयुष्यभराचा शिक्का बसतो, आणि तो विज्ञानाच्या नावाने बसतो. प्रथिनाच्या नोंदीतील 'कार्य' हा शब्द जितक्या सहज उच्चारला जातो, तितक्याच सहज 'दोष' हा शब्दही उच्चारला जातो. दोन्ही शब्दांची चिकित्सा म्हणूनच एकत्र करावी लागते.

प्रात्यक्षिकाच्या पातळीवर यातून एक सोपा बदल सुचतो. विद्यार्थ्याने निरोगी आणि सिकल अशा दोन्ही बीटा साखळ्यांचे अनुक्रम माहितीकोशाला द्यावेत. दोन्हींना तेच क्षेत्र मिळाल्याचे त्याने स्वतः पाहावे. त्यानंतर उंदराचा आणि अल्फा साखळीचा अनुक्रम शेजारी ठेवून सहावे स्थान तपासावे, आणि शेवटी सोयाबीनच्या मुळावरील गाठ फोडून पाहावी. यासाठी एक संगणक, इंटरनेट आणि एक रोप एवढेच लागते. गोंडवाना विद्यापीठाच्या (स्थापना २०११) परिक्षेत्रातील कोणत्याही महाविद्यालयाला हे शक्य आहे. वहीतील 'कार्य' या रकान्याशेजारी 'हे कशावरून?' असा आणखी एक रकाना आखावा, आणि त्यात प्रयोग, साम्य किंवा अनुमान यांपैकी एक शब्द विद्यार्थ्याने लिहावा.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. एक, प्रथिन-क्षेत्राचे टिकून राहणे हे त्याच्या उपयुक्ततेचे चिन्ह आहे, त्याच्या विशिष्ट कार्याचा दाखला नव्हे. दोन, जे स्थान टिकून राहिलेले नाही ते बिनमहत्त्वाचे असे मानता येत नाही. बीटा साखळीचे सहावे स्थान आणि मलेरिया परजीवीची बदलती क्षेत्रे ही त्याची दोन भिन्न प्रकारची उदाहरणे आहेत. तीन, जैविक कार्य हे क्षेत्र, पेशी, शरीर आणि परिसर यांच्या संबंधातून घडते. चार, माहितीकोशातील नोंद ही अभ्यासाची सुरुवात आहे. तिच्यामागचा पुरावा कोणत्या दर्जाचा आहे हे पाहिल्याशिवाय ती निष्कर्ष म्हणून स्वीकारू नये.

संरक्षित क्षेत्रांची संकल्पना टाकून द्यावी असा याचा अर्थ नाही. तिच्याशिवाय बीसीएल११ए चे काम समजले नसते आणि सोयाबीनच्या गाठीचे नाते माणसाच्या रक्ताशी जोडता आले नसते. मात्र जी नोंद निरोगी आणि आजारी यांत फरक करू शकत नाही, ती नोंद शिकवताना तिची ही मर्यादाही त्याच तासाला शिकवली गेली पाहिजे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वर्गांत ही मर्यादा तात्त्विक नाही. ती समोरच्या बाकावर बसलेली असू शकते.